काच उंच केली आणि डोकं जास्तच हलायला लागलं

मोटरसायकल ६५० सीसीची, दोन सिलिंडरची, सरळ बसून लांब जाण्यासाठी बनवलेली. चालवणारा मी. उंची १७८ सेंटिमीटर, पण पाय बेताचे आणि धड लांब, त्यामुळे सीटवर बसलो की माझे डोळे माझ्याहून उंच माणसाच्या बरोबरीला येतात. मागच्या सीटवर बहुतेक वेळा बायको. तक्रार एकच: ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेलं की डोकं हलायचं.

या ‘हलायचं’ शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. मी त्या बराच काळ वेगळ्या केल्या नाहीत आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. एक असतो वाऱ्याचा रेटा. तो छातीवर आणि खांद्यांवर एकसारखा लागतो. बिनकाचेची, म्हणजे पुढे वारा अडवणारं विंडशील्ड नसलेली, गाडी चालवणारे त्या रेट्यावर चक्क रेलून बसतात आणि दिवसभर जातात. दुसरे असतात हिसके, ज्याला रायडर मंडळी बफेटिंग म्हणतात. कोणी हेल्मेट दोन्ही हातांत धरून भराभर झटकावं तसं डोकं डावी-उजवीकडे, पुढे-मागे थरथरतं. समोरच्या पाट्यांवरची अक्षरं पुसट होतात, कानात ढोल वाजल्यासारखा घुमणारा आवाज येतो आणि दोन तासांनी मान आखडते. रेटा थकवतो, हिसके पिळून काढतात. माझी तक्रार हिसक्यांची होती आणि मी उपाय केला रेट्यावरचा.

म्हणजे उंच काच घेतली. मूळ काचेची वरची कड माझ्या डोळ्यांच्या रेषेखाली १२ सेंटिमीटर होती, नवीची फक्त १ सेंटिमीटर. विचार सरळ होता: वारा डोक्याला लागतोय, तर डोकं काचेमागे लपवू. पहिले दहा मिनिटं बरं वाटलं, कारण छातीवरचा रेटा पूर्ण गेला होता. मग वेग ९० वर नेला आणि हिसके पूर्वीपेक्षा जोरात बसायला लागले. आणखी एक नवी गंमत झाली. पाठीला कोणीतरी तळहात लावून पुढे ढकलतंय असं वाटायला लागलं. जॅकेटची कॉलर मागून वर येऊन हेल्मेटवर फडफडत होती. थांबलो तेव्हा बायको म्हणाली, “अरे, तुझं डोकं त्या स्प्रिंगवाल्या बाहुल्यासारखं डोलतंय. आणि माझं तर विचारूच नकोस.”

काच उंच केल्यावर त्रास का वाढला, हे नीट कळेपर्यंत मी पुढचं काहीच विकत घ्यायचं नाही असं ठरवलं. या सगळ्या प्रकरणात मी वेळेवर घेतलेला हा एकमेव शहाणा निर्णय.

काचेमागे काय होतं ते असं. चालत्या गाडीची काच समोरची हवा फाडते. कडेवरून निसटलेली हवा लगेच काचेला चिकटून मागे वळू शकत नाही. ती कडेपासून सुटते आणि तिचे भोवरे होतात, पुलाच्या खांबामागे नदीत होतात तसेच. काचेच्या पोटात, म्हणजे तुमच्या छातीपुढच्या जागेत, हवेचा दाब कमी झालेला असतो. ती पोकळी भरायला हवा मिळेल तिथून धावत येते: दोन्ही बाजूंनी, टाकीखालून, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या फटीतून, आणि तुमच्या पाठीमागून. पाठीवरचा तो तळहात म्हणजे हीच पोकळी भरायला निघालेली हवा. काच जितकी मोठी, तितकी मागची पोकळी मोठी आणि भोवरेही मोठे. मी काच वाढवून पोकळी वाढवली होती, आणि भोवऱ्यांची वाट नेमकी हेल्मेटच्या मधोमध आणून ठेवली होती.

भोवरे किती वेळा सुटतात याचा ढोबळ अंदाज कागदावर करता येतो. विन्सेंत्स श्ट्रोउहाल या चेक भौतिकशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये वाऱ्यात तारा का गुणगुणतात याचा अभ्यास केला. त्यातून आलेला हिशेब आजही वापरतात: वाऱ्याचा वेग भागिले अडथळ्याची रुंदी, आणि त्याला एका छोट्या आकड्याने गुणायचं. बोथट आकारांसाठी तो आकडा साधारण ०.१५ ते ०.२. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, माझी काच सुमारे ४५ सेंटिमीटर रुंद. उत्तर येतं सेकंदाला ८ ते ११ धक्के. मानेवर तोललेल्या दीड किलोच्या हेल्मेटला सेकंदाला दहा टपल्या बसल्यावर अक्षरं पुसट दिसणारच. गाडीची काच ही काही गुळगुळीत दांडी नव्हे, त्यामुळे हा आकडा कोरून ठेवण्यासारखा नाही. पण ‘माझी मान कमकुवत झाली असेल’ ही शंका त्याने निघून गेली. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ११० वर गेलं की वेग दीडपटही होत नाही, पण धक्का जवळजवळ दुप्पट होतो. ८० ला ‘चालतंय’ वाटणारी काच ११० ला असह्य का होते, ते यातून कळतं.

मग चाचण्या. सरळ रिकामा रस्ता, पहाटेची वेळ, वारा पडलेला, वेग कायम ९०. प्रत्येक चाचणी जाताना एकदा आणि येताना एकदा, म्हणजे थोडा वारा असलाच तरी एका बाजूचा निकाल फसवणार नाही. एका वेळी एकच बदल. हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यात अवघड गेलं, कारण हातात पाना असला की माणसाला दोन-चार गोष्टी एकदम कराव्याशा वाटतात.

पहिली चाचणी फुकटची: उठून-वाकून पाहणं. उंच काच लावलेली असताना मी हळूहळू खाली वाकलो. साधारण ८ सेंटिमीटर खाली गेल्यावर एकदम शांत झालं. मग फूटपेगवर पाय रोवून हळूहळू वर उठलो. बराच वर गेल्यावर, जवळजवळ उभाच राहिल्यावर, पुन्हा शांत. म्हणजे गढूळ हवेचा एक पट्टा होता. त्याच्या खाली काचेची सावली, वर नितळ वारा, आणि माझं डोकं बरोबर पट्ट्यात. सुटायचे रस्ते दोन. एक तर काच आणखी ८ सेंटिमीटर उंच करायची आणि पूर्णपणे तिच्या आडोशाला जायचं, किंवा काच उतरवून डोकं नितळ वाऱ्यात काढायचं.

पहिला रस्ता मी दृष्टीच्या कारणाने सोडला. त्याचा हिशेब कोणीही घरी करू शकतं. माझे डोळे जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर, काचेची कड डोळ्यांपासून ६० सेंटिमीटर पुढे. कड डोळ्यांखाली १ सेंटिमीटर असेल, तर तिच्यावरून पहिला मोकळा रस्ता दिसतो तो ९० मीटरवर. त्याच्या अलीकडचा सगळा रस्ता, खड्डे, खडी, तेलाचे डाग, प्लास्टिकमधून पाहायचे. कड डोळ्यांखाली ८ सेंटिमीटर आली की तीच नजर ११-१२ मीटरवर टेकते. दिवसा स्वच्छ काचेतून पाहणं निभतं. रात्री, पावसात, समोरून दिवे येत असताना ओरखडे पडलेल्या काचेतून पाहणं म्हणजे फुटलेल्या आरशात रस्ता शोधणं. हेल्मेटची काच हाताने पुसता येते, ही येत नाही. माझ्या मते, जिच्यावरून पाहता येत नाही ती काच टूरिंग गाडीला लावूच नये. मोठ्या गाड्यांवर बटण दाबून खालीवर होणाऱ्या काचा असतात, त्यांची गोष्ट वेगळी.

दुसरी चाचणी करायला मन धजत नव्हतं: काच पूर्ण काढून टाकणं. चार स्क्रू, पाच मिनिटांचं काम. छातीवर रेटा आदळला, जॅकेट फुगलं. पण डोकं? स्थिर. आवाज होता, मोठा होता, पण तो एकसुरी ‘हिस्स’ असा होता, ढोल गायब. पाट्या वाचता येत होत्या. मागून खांद्यावर थाप पडली: “आज मागे शांत वाटतंय, काय केलंस?” ज्यांना हिसक्यांचा त्रास आहे त्यांनी खिशात हात घालण्याआधी ही एक चाचणी करावी. काच काढल्यावर हिसके थांबले, तर दोष वाऱ्याचा नाही, काचेचा आहे. नाही थांबले, तर हेल्मेटकडे बघा. उन्हाची टोपीवजा चोच असलेली हेल्मेटं वेगात स्वतःच शिडासारखी वागतात.

पण काच काढून दिवसाला पाचशे किलोमीटर जाण्याचं माझं वय नाही, आणि पावसाचं पाणी छातीवर घेण्याची हौसही नाही. म्हणून तिसरी चाचणी: लोकर. बारा-बारा सेंटिमीटरचे लाल धागे कापले आणि मास्किंग टेपने चिकटवले; काचेच्या कडेला आतून, टाकीवर, हँडलच्या मुळाशी, जॅकेटच्या खांद्यांवर. विमानांच्या चाचण्यांत पंखांवर धागे लावतात तीच ही युक्ती. बायकोने मागून फोनवर चित्रण केलं. या वेळी मूळ काच पुन्हा लावली होती.

काचेच्या कडेचे धागे वेड्यासारखे गरगर फिरत होते, त्याचं नवल नव्हतं. नवल टाकीवरच्या धाग्यांचं. ते मागे, म्हणजे माझ्याकडे, लोळायला हवे होते. ते उभे राहिले होते, नागाने फणा काढावा तसे, आणि त्यांची टोकं वर माझ्या हनुवटीकडे होती. म्हणजे खालून हवा येत होती. हँडलच्या मुळाशी, फोर्क आणि फेअरिंग, म्हणजे गाडीच्या पुढचं प्लास्टिकचं आवरण, यांच्या मधे, दोन्ही बाजूंना तीन बोटं जातील एवढी फट होती. चाकावरून उसळलेली हवा तिथून वर घुसत होती आणि पोकळी भरत होती. मी इतके महिने काचेच्या वरच्या कडेवर डोळे लावून बसलो होतो. निम्मा त्रास गुडघ्यांच्या पातळीवरून येत होता.

१९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस आणली तेव्हा तिचं फेअरिंग पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घडवलं होतं. कारखान्यांना तेव्हापासून हे सगळं ठाऊक आहे. मात्र त्यांना हजार उंचींच्या हजार माणसांसाठी एकच काच बनवावी लागते, आणि त्या हजारांत लांब धडाचा मी एकटा. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

चौथ्या चाचणीत फोर्कजवळच्या फटी जाड फोमच्या तुकड्यांनी आणि टेपने बंद केल्या. असं करणाऱ्याने हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिल्याशिवाय गाडी हलवू नये, आणि रेडिएटरची वाट अडली नाही ना हेही पाहावं. फरक लगेच जाणवला. ढोल थांबला नाही, पण लांबून वाजायला लागला.

पाचवी चाचणी उलट दिशेची. पोकळी भरायला हवा येणारच असेल, तर तिला आपण सांगू त्या वाटेने येऊ द्यावं. लांब स्क्रू आणि नळीचे तुकडे घालून मूळ काच तिच्या जागेपासून सुमारे २ सेंटिमीटर पुढे सरकवली, म्हणजे खालच्या कडेला फट राहिली. त्या फटीतून येणारी हवा काचेला आतून चिकटून वर जाते, दाब थोडाफार सारखा होतो आणि वरून सुटणाऱ्या हवेला मागे वळायची घाई राहत नाही. ऐकायला उफराटं वाटतं: वारा अडवण्यासाठी काचेला खालून भोक ठेवायचं. पण पाठीवरचा तळहात त्याच फेरीत नाहीसा झाला. मॅडस्टॅड या कंपनीचे ब्रॅकेट याच तत्त्वावर काच फेअरिंगपासून सुटी ठेवतात, आणि आता बऱ्याच टूरिंग गाड्यांच्या काचेला कारखान्यातूनच खाली फट येते.

इथे मी थांबलो असतो. माती खाल्ली ती अशी. लांब स्क्रू कंपनांनी सुटतील म्हणून मी त्यांना थ्रेडलॉकरचा थेंब लावला. विंडशील्ड बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेटचं किंवा ॲक्रिलिकचं असतं. पॉलिकार्बोनेट दगड सोसतं, पण रसायनं सोसत नाही. थ्रेडलॉकर, पेट्रोल, अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे, यांनी त्यात ताणाच्या भेगा पडतात. तीन आठवड्यांत खालच्या दोन भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेषा उमटल्या. काच गेली. चूक संपूर्ण माझी. काचेच्या स्क्रूला नायलॉनचे वॉशर आणि रबरी नट लावायचे, बोटाने घट्ट करून वर अर्धा फेरा, बस्स. रबर थोडं देतं म्हणूनच काच फुटत नाही. धुण्यासाठी साबणाचं पाणी, आणि वाळलेले किडे घासण्याआधी ओलं फडकं दहा मिनिटं ठेवायचं.

तर काच घ्यावीच लागली. पण या वेळी हातात आकडे होते. मला हवी होती डोळ्यांखाली ८ सेंटिमीटर येणारी कड, म्हणजे मुळापेक्षा ४ सेंटिमीटर उंच. साधारण वरच्या ओठाच्या पातळीला. वरची कड पुढच्या बाजूला किंचित वळलेली, म्हणजे हवा डोक्यावरून उडवली जाईल. खांद्यांपाशी थोडी रुंद, कारण बाजूने येणारे भोवरे खांद्यांवर आदळून हेल्मेटखाली घुसतात. आणि कोन बदलता येणारं ब्रॅकेट, खाली ३ सेंटिमीटर फट ठेवणारं. फोमच्या जागी फोर्कच्या बाजूंना एबीएस प्लास्टिकचे दोन छोटे पंख. उंचीपेक्षा कोनाने जास्त खेळवलं. काच फार मागे कलली की हवा सरळ गळ्यावर येते, फार उभी केली की पुन्हा पोकळी मोठी होते. चार खाचांपैकी तिसरी माझी निघाली, आणि ती सापडायला दोन रविवार गेले.

आता ९० ला डोकं स्थिर. ११० ला थोडी थरथर, पण पाट्या वाचता येतात. वारा हेल्मेटच्या वरच्या झरोक्यावर लागतो आणि तो नितळ असतो, म्हणून झरोक्याचा उपयोगही होतो. उंच काचेमागे उकाड्यात जीव नकोसा व्हायचा. ट्रकच्या मागे गेलं की सगळं मुसळ केरात. त्याने ढवळलेल्या हवेवर कोणतीही काच चालत नाही, मागे अंतर ठेवायचं किंवा ओलांडून मोकळं व्हायचं. आडव्या वाऱ्यात मोठ्या काचेची गाडी हँडलमधून जशी ओढायची तशी ही ओढत नाही, हा न मागता मिळालेला फायदा. बायकोला मात्र खांद्यांवर पूर्वीपेक्षा जास्त वारा लागतो. तिने हेल्मेटची चोच काढली आणि मानेला पट्टा लावला. “बरं आहे,” एवढंच म्हणते. मी ते तडजोड म्हणूनच नोंदवतो.

आवाजाचं एक राहिलं, आणि ते खरं तर सुरुवातीला यायला हवं होतं. हिसके गेले म्हणजे आवाज गेला असं नाही. शांत वाटणाऱ्या नितळ वाऱ्यातही महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आत कानांना घातक होईल एवढा आवाज असतो. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तासांची आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. फोमचे कानातले बोळे मी या प्रकरणाच्या शेवटी वापरायला लागलो. पहिल्या दिवशी वापरले असते, तर निम्मी डोकेदुखी तिथेच गेली असती.

उंच काच गॅरेजमध्ये जुन्या चादरीत गुंडाळून पडली होती. ती एका मित्राने नेली; त्याची गाडी हीच, बसल्यावर त्याचे डोळे माझ्यापेक्षा ७ सेंटिमीटर खाली. दोन दिवसांनी फोन: “अरे, एकदम शांत! तू उगाच काढलीस.” त्याचं डोकं पट्ट्याच्या खाली, काचेच्या सावलीत बसलं होतं. महिन्याने पुन्हा फोन. रात्रीच्या पावसात एक खड्डा दिसलाच नव्हता. गाडी पडली नाही, पण तो घाबरला होता. “कापू या का ती?”

पॉलिकार्बोनेट कापता येतं. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, बारीक दातांची जिगसॉ, वेग मंद, मग पॉलिश पेपरने कड गोल करायची. सामान काढून बसलो. कुठे कापायचं ते ठरवायला त्याला गाडीवर बसवलं, डोळ्यांखाली ५ सेंटिमीटरवर खूण केली आणि टेप लावून वरचा तुकडा मोजला. ११ सेंटिमीटर.

“तुझी मूळ काच कुठे आहे रे?” मी विचारलं.

“माळ्यावर. का?”

आम्ही मास्किंग टेप काढून टाकली.